बेरजेबाहेरच्या बाहुल्या

बेशुद्धीची खोली मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलला 2024 साली पन्नास वर्षं झाली. कौतुक रास्तच होतं. पण त्याच पन्नास वर्षांत बाहुल्या पाहण्याची शिस्त किती सैलावली, हेही बोललं पाहिजे. डोक्याला मार लागल्यावर एका बाजूची बाहुली विस्फारते, हे लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच टिपलं होतं. पुढची बरीच वर्षं भराभर ओलांडता येतील. रेंगाळावं असं दशक 1966 नंतरचं. त्या वर्षी प्लम आणि पोसनर यांच्या पुस्तकाने बेशुद्धीच्या उतरणीला क्रम दिला. एका बाजूला रक्त साकळलं की कानशिलामागच्या मेंदूची आतली कड टेंटोरियमच्या पडद्याकडे रेटली जाते आणि तिसऱ्या नसेवर दाब येतो. बाहुली आकुंचित करणारे तंतू त्या नसेच्या पृष्ठभागावर असतात, म्हणून जाच आधी त्यांनाच. बाहुली विस्फारते, उजेडाला मंदावते. पापणी पडणं आणि डोळा खाली-बाहेर वळणं सहसा मागाहून येतं. मेंदू मधोमध खाली सरकू लागला, तर मात्र दोन्ही बाहुल्या सुरुवातीला बारीक, तरी उजेडाला हलणाऱ्या असतात. हे सगळं एका टॉर्चवर कळायचं.

मग 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, आणि 1974 मध्ये टीसडेल व जेनेट यांचं ग्लासगो स्केल आलं. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यांची बेरीज फोनवर सांगायला सोपी. बाहुली त्या बेरजेत नव्हती. दोष निर्मात्यांचा नाही, बेरजेवर थांबणाऱ्यांचा आहे. ‘दोन्ही बाहुल्या समान, उजेडाला प्रतिसाद’ ही ओळ मागच्या पाळीच्या कागदावरून उतरवली जाते, तेव्हा ती नोंद नसते, नक्कल असते. कोणी म्हणेल, बाहुली उशिरा बोलते, शुद्ध आधी हरपते. खरं आहे, 1986 मध्ये रॉपर यांनीही मेंदू किती आडवा सरकला यावर शुद्ध अवलंबून असते, असं दाखवलं. पण म्हणूनच दोन्ही एकत्र, पुन्हापुन्हा पाहायचं. अफूवर्गीय औषधं, अ‍ॅट्रोपिनचे थेंब, जुनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसवतात, हेही कबूल. त्यावर उपाय नातेवाइकांना विचारणं हा आहे, न पाहणं हा नव्हे. आणि स्कॅन आहेच की, म्हणणाऱ्यांना एवढंच: स्कॅन त्या घटकेचा, सूज मात्र त्यानंतरही वाढत राहते. अखेर 2018 मध्ये टीसडेल यांचाच सहभाग असलेल्या गटाने उजेडाला न हलणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे एक गुण वजा करायचं सुचवलं. त्या हिशेबात किमान गुण 3 नाही, 1 आहे.