सर्किट आणि कोड यांच्यात भिंत नाही

बारावीनंतर अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरताना बहुतेक घरांत एक गोष्ट ठरलेलीच असते: कॉम्प्युटर म्हणजे कोडिंग, ‘ईएनटीसी’ (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) म्हणजे सर्किट, आणि कॉम्प्युटर हुकलं तरच ईएनटीसी घ्यायचं. कटऑफची यादी हा समज आणखी पक्का करते. पण कटऑफवरून कळते ती मागणी. विषयाचं स्वरूप पाहिलं तर ही विभागणी टिकत नाही. १९३७ साली एमआयटीमधल्या प्रबंधात क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं, की रिले आणि स्विचांची जोडणी बूलच्या बीजगणितात मांडता येते. म्हणजे तर्क आणि सर्किट यांचं गणित एकच आहे. पुढे जपानच्या बिझिकॉम कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी ठरावीक कामं करणाऱ्या अनेक चिप हव्या होत्या. इंटेलच्या टेड हॉफ यांनी वेगळाच मार्ग सुचवला: सर्वसाधारण कामाचा एकच प्रोसेसर करावा आणि कॅल्क्युलेटरची कामं मेमरीतल्या प्रोग्रॅमवर सोपवावीत. त्यातून १९७१ मध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. कोणतं काम सर्किटने करायचं आणि कोणतं प्रोग्रॅमने, हा निर्णय तेव्हापासून या साऱ्या क्षेत्राच्या मुळाशी आहे, आणि तो घ्यायला दोन्ही बाजू कळाव्या लागतात. ‘गेट’ परीक्षेचा अभ्यासक्रमही हेच सांगतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात डिजिटल लॉजिक आहे, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात प्रोसेसरची रचना आणि पाइपलाइनिंग आहे.

‘एआयच्या काळात हार्डवेअर कोण शिकणार?’ हा प्रश्न तर वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे. आजची मोठी मॉडेलं म्हणजे प्रामुख्याने मॅट्रिक्सचे प्रचंड गुणाकार. त्यात एक गुणाकार करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या शंभरपटींहून अधिक ऊर्जा तेच आकडे बाहेरच्या मेमरीतून आणायला लागू शकते. अल्गोरिदम कितीही चांगला असला, तरी डेटा कुठे ठेवला आहे आणि तो किती लांबून येतो, याचा विचार टाळता येत नाही.

यावर आक्षेप येतो, की ईएनटीसीची अनेक मुलं शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जातात. मग चार वर्षं ॲम्प्लिफायर आणि सिग्नल्स कशाला शिकायचे? सॉफ्टवेअरमध्येच जायचं हे नक्की असेल, तर कॉम्प्युटर शाखा अधिक सरळ आहे, हे मान्यच करायला हवं. पण उलट दिशेचा गैरसमजही तितकाच घातक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून ‘इलेक्ट्रॉनिक्सला आता कोडिंगची गरज नाही’ असा दिलासा काही जण देतात. पण डिजिटल चिपचं डिझाइन आज प्रामुख्याने व्हेरिलॉगसारख्या भाषांत लिहिलं जातं, आणि ते तपासून पाहण्याचं काम बरंचसं प्रोग्रॅमिंगचंच असतं. दुसरीकडे, नुसतं सी किंवा पायथॉन येणारा विद्यार्थी व्हेरिलॉगपाशी अडखळतो, कारण तिथे ओळी एकामागून एक चालत नाहीत. त्या एकाच वेळी काम करणाऱ्या सर्किटचं वर्णन करत असतात.

म्हणून शाखेच्या नावाआधी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहावी. व्हेरिलॉगमध्ये लिहिलेलं सर्किट चालवून पाहता येणारे एफपीजीए बोर्ड आहेत का, ते मुलांच्या हाती येतात की कपाटात राहतात, आणि मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम विद्यार्थी स्वतः लिहितो की जर्नलमध्ये उतरवून घेतो, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं.