शस्त्रक्रिया करणारे ‘मिस्टर’

समजा, लंडनच्या एखाद्या नामांकित सर्जनने तुमच्या मोडलेल्या पायावर शस्त्रक्रिया केली. बरे वाटल्यावर तुम्ही त्यांना आभाराचे पत्र लिहिले आणि पाकिटावर मोठ्या आदराने ‘डॉक्टर अमुक’ असे घातले. चुकलात! तेथे सर्जनला ‘मिस्टर’ म्हणतात. बाई असतील तर ‘मिस’ किंवा ‘मिसेस’. म्हणजे पाच-सहा वर्षे घासून ‘डॉक्टर’ व्हायचे, मग रॉयल कॉलेजची अवघड परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, आणि बक्षीस काय, तर पुन्हा ‘मिस्टर’!

हे असे का? ‘डॉक्टर’ हा मूळचा लॅटिन शब्द. अर्थ, शिकवणारा. (तेव्हा या शब्दावर पहिला हक्क तुमच्या गुरुजींचा.) युरोपातील जुनी विद्यापीठे धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक शिकवण्यास लायक ठरलेल्यांना ही पदवी देत. इंग्लंडातले फिजिशियन ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर. १५१८ साली आठव्या हेन्रीने त्यांना लंडनमध्ये स्वतंत्र कॉलेज दिले. हे लोक नाडी पाहत, काचेच्या भांड्यातील लघवीचा रंग निरखत, लॅटिनमध्ये औषध लिहून देत. सुरीला मात्र हात लावत नसत.

गळू फोडणे, हाड बसवणे, पाय कापणे ही कामे सर्जनची. तो सुतार-लोहाराप्रमाणे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिके. ‘सर्जरी’ या शब्दाचे ग्रीक मूळही ‘हाताचे काम’ असेच आहे, आणि हाताने काम करणारा तो खालचा, ही समजूत तेथेही होतीच. आपल्या सुश्रुतसंहितेत सर्व यंत्रांमध्ये हात हेच प्रमुख यंत्र मानले आहे, हे येथे आठवते.

१५४० साली इंग्लंडात न्हावी आणि सर्जन यांचा एकच संघ कायद्याने स्थापन झाला. गंमत अशी, की त्याच कायद्याने दोघांची कामे वाटून दिली. सर्जनने दाढी करायची नाही, न्हाव्याने दात उपटण्यापलीकडे शस्त्रक्रिया करायची नाही. शिवाय फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेते दरवर्षी संघाला विच्छेदनासाठी मिळू लागली. शरीर आतून पाहण्याची ही सोय सर्जनांच्या फार कामी आली.

१७४५ साली ते न्हाव्यांपासून वेगळे झाले. याच काळातील जॉन हंटर (१७२८–१७९३) पाहा. विद्यापीठाची पदवी नाही, पण प्राणी आणि माणसांच्या अवयवांचे हजारो नमुने त्यांनी स्वतः तयार करून जमवले होते. त्यांच्यामागे सरकारने तो संग्रह विकत घेऊन सर्जनांच्या स्वाधीन केला. १८०० साली सर्जनांचे रॉयल कॉलेज झाले. त्याची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला पदविका मिळे, विद्यापीठाची पदवी नव्हे. म्हणून तो ‘मिस्टर’च राहिला.

पुढे १८४६ मध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी लंडनमध्ये ईथर हुंगवून रोग्याचा पाय कापला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा कुजू न देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोपर्यंत चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचे आणि सर्जनने घाई करायची, असा प्रकार होता. आता सावकाश, खोलवर काम करता येऊ लागले. सर्जनची पत वाढली. १८८६ च्या कायद्याने औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूती या तिन्हींची परीक्षा प्रत्येक नव्या डॉक्टरला सक्तीची झाली. आता सर्जनला ‘डॉक्टर’ म्हणवून घ्यायला कसली आडकाठी होती? पण जे नाव हिणवणारे होते, तेच त्यांनी अभिमानाने जपले. माझ्या मते यात थोडा तोराही आहे. दवाखान्यात ‘मिस्टर’ ऐकून नवख्या रोग्याचा गोंधळ होतो, त्याचे काय?

आता तुमच्या डॉक्टरांची पाटी वाचा. ‘एम. बी. बी. एस.’ म्हणजे वैद्यकाची एक आणि शस्त्रक्रियेची एक, अशा दोन स्नातक पदव्या. जुन्या भिंतीची खूण अजून अक्षरांत उरली आहे! आणि दोन्ही ‘बॅचलर’ असल्याने ‘डॉक्टर’ हे संबोधन पदवीतून नव्हे, रूढीने आलेले. याउलट अमेरिकेत वैद्यकाची पहिली पदवीच डॉक्टरची. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना मिळाली ती हीच, एम. डी.

आणि १५४० साली न्हाव्यांच्या वाट्याला राहिलेले ते दात? ते काढणाऱ्या ब्रिटनमधील दंतवैद्यांना १९९५ साली नावामागे ‘डॉक्टर’ लावण्याची मुभा मिळाली. सर्जन अजून ‘मिस्टर’च आहेत.