क्रोमच्या खालचं निकेल

माझ्या बुलेटचा पहिला लेगगार्ड मी दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात घेतला आणि तिथेच फसलो. त्या उजेडात सगळंच क्रोम सारखं चमकतं. दुकानदाराने दोन गार्ड काउंटरवर ठेवले होते. एक साडेनऊशेचा, दुसरा त्याच्या दुपटीहून महाग. दोन्हींत माझा चेहरा तितकाच वेडावाकडा दिसत होता. "दादा, माल तोच आहे, हा फक्त खोक्यातून येतो," असं तो म्हणाला आणि मी खोक्याचे पैसे वाचवले. दोन पावसाळे आणि मधे गणपतीला गुहागरची एक फेरी, एवढ्यात नळीवर तांबूस ठिपके उठले. नखाने खरवडलं तर पापुद्राच हातात आला. एका बाजूने आरसा, दुसऱ्या बाजूने गंज.

त्या दिवशी मी क्रोमला भरपूर शिव्या घातल्या. उगाचच. क्रोमियम गंजत नाही. गंजतं ते त्याच्याखालचं लोखंड. आणि आपण ज्याला 'क्रोम मारलंय' म्हणतो त्या मुलाम्यात सर्वांत कमी काय असेल, तर ते क्रोमच.

हे मला नीट कळलं ते भोसरीच्या बाजूला एका प्लेटिंगच्या शेडमध्ये. तिथे दारातच बफचं चाक फिरत होतं आणि एक काका काळ्या धुळीने माखून सायलेन्सरची नळी त्यावर धरून बसले होते. आधी खरखरीत पट्टा, मग कडक बफ, मग मऊ कापडाचा, मधूनमधून चाकाला पॉलिशची वडी लावायची. एका नळीवर त्यांचा अर्धा तास गेला. "क्रोम काही झाकत नाही, उलट दाखवतं," ते म्हणाले. नळीवर ओरखडा राहिला तर मुलामा चढल्यावर तो आणखी ठळक होतो. म्हणजे जी चकाकी आपण क्रोमच्या नावावर जमा करतो, तिचा निम्मा भाग या काकांच्या मनगटाचा असतो.

पुढे टाक्या. वस्तू आधी धुऊन, ॲसिडमधून काढून तांब्याच्या आकड्यांना टांगतात. काही ठिकाणी पहिला थर तांब्याचा देतात. मग ती निकेलच्या हिरव्यागार द्रावणात बुडते आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. चांगलं काम असेल तर तिथे वीस-पंचवीस मिनिटं राहते. शेवटी क्रोमची टाकी, काळपट लालसर, तिच्यात जेमतेम दोन-तीन मिनिटं. उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूवर निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉनचा हवा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. वरचं क्रोम मात्र पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

मग हे इवलंसं क्रोम हवंच कशाला? कारण उघड्या निकेलला पिवळसर झाक असते आणि हवेत ते मंदावतं, पितळेच्या समईसारखं सारखं घासावं लागतं. क्रोम निळसर दिसतं, कठीण असतं आणि मंदावत नाही. वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे मूलद्रव्य 1797 मध्येच शोधलं होतं, पण त्याचा मुलामा कारखान्यात भरवशाने चढवता यायला 1920 चं दशक उजाडलं. त्याआधीच्या मोटरसायकली निकेलच्याच. म्हणून त्या काळातली गाडी जुन्या रूपात आणणारे हौशी लोक तिला क्रोम लावलं की नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता गंजाचं. पत्र्याला जस्ताचा थर देतात तेव्हा जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेल-क्रोमचं नेमकं उलटं आहे. थर अखंड असेल तोवर ती भक्कम भिंत. पण थर पातळ असला की त्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी आणि मीठ आत गेलं की तिथे एक चिमुकली बॅटरीच तयार होते आणि तिच्यात बळी जातो लोखंडाचा. वर मोठा थोरला क्रोमचा पृष्ठभाग, खाली टाचणीएवढं उघडं लोखंड, त्यामुळे गंज त्या एका ठिपक्यात खोल खोल जातो. नुसती उघडी नळी सगळीकडून सावकाश गंजली असती. स्वस्त क्रोमची नळी ठिपक्याठिपक्याने आणि झपाट्याने गंजते. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

स्वस्त माल स्वस्त कुठे होतो हे आता उघड आहे: बफवर आणि निकेलच्या टाकीत. निकेल महाग धातू आहे. मार्च 2022 मध्ये लंडनच्या धातूबाजारात त्याचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या पार गेला आणि व्यवहार थांबवावे लागले. तो झटका अपवादाचा, पण एरवीही पंचवीस मिनिटांऐवजी सात मिनिटांत वस्तू बाहेर काढण्याचा मोह मोठा असतो, कारण गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. सात मिनिटांचं निकेलही पहिल्या दिवशी तितकंच चमकतं. निकेल-क्रोम मुलाम्यासाठी आपल्याकडे आयएस 1068 हे भारतीय मानक आहे, थराच्या जाडीचे दर्जे त्यात ठरवून दिले आहेत. लेगगार्ड विकणाऱ्या किती काउंटरवर त्याचं नाव निघतं, हे तुम्हीच एकदा विचारून पाहा.

तरीही डोळ्यांना थोडंफार कळू शकतं. वीज कोपऱ्यात शिरायला कंटाळते, आणि क्रोमच्या टाकीत तर फारच. म्हणून वस्तूचा दर्शनी भाग पाहूच नका. जिथे पट्टी नळीला वेल्ड केली आहे तो आतला कोपरा पाहा. तिथे पिवळट झाक दिसली तर क्रोम पोचलेलं नाही, राखाडी किंवा काळपट दिसलं तर निकेलचीही बोंब आहे. नळीच्या उघड्या तोंडात बोट फिरवा. मग एखादी सरळ रेघ, दाराची चौकट म्हणा, नळीवर कशी उमटते ते बघा. ती लाटांसारखी थरथरत असेल तर बफवाल्या काकांना वेळ दिलेला नाही. वजनही हातात घेऊन पाहावं. पातळ गेजच्या नळीचा गार्ड गाडी पडल्यावर वाकून तुमच्याच पायावर येतो, आणि तेव्हा मुलाम्याची चर्चा करायला कोणी थांबत नाही.

हेडलाइटच्या कडा, इंडिकेटरच्या टोप्या, छोटी झाकणं यांत आता प्लास्टिकच जास्त. प्लास्टिकवर खरं क्रोम चढवता येतं. एबीएस नावाचं प्लास्टिक रसायनाने खरवडून, त्यावर विजेविना पहिला धातूचा थर देऊन पुढे तांबं, निकेल, क्रोम हा क्रम पाळतात. ते चांगलं टिकतं, खाली गंजायला लोखंडच नाही. पण बाजारात त्याच्याच शेजारी निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर लाखेचा हात दिलेला माल असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन उन्हाळ्यांत लाख पिवळी पडते आणि सोलून निघते.

स्टेनलेसचा गार्ड मिळत असेल तर माझं मत त्याच्या बाजूने. यात क्रोमियम वर लावलेलं नसतं, धातूतच मिसळलेलं असतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी त्याची जखम आपोआप भरते. मात्र भांड्यांच्या दुकानात विचारता तसंच इथेही विचारा: 304 की 202? 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल वाचवलेलं असतं आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. लोहचुंबक लावून शहाणपणा दाखवू नका, तो दोघांनाही फारसा चिकटत नाही.

सायलेन्सरचा बेंड निळा-पिवळा पडला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणारे मी पाहिले आहेत. तो दोष बहुधा मुलाम्याचा नसतो. नळी प्रमाणाबाहेर तापली की रंग बदलतो, आणि त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी, हवा जास्त. आधी मेकॅनिककडे जा. आणि आवाजासाठी सायलेन्सर बदलणार असाल तर राज्यातल्या शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली कसे चिरडले तेही आठवा. क्रोम उत्तम असलं तरी रोलरला फरक पडत नाही.

बोल्ट, ब्रेकचे लिव्हर, स्प्रिंग असल्या ताण घेणाऱ्या वस्तू हौसेने प्लेटिंगला देऊ नयेत. या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. समोरच्या फोर्कच्या नळ्याही चमकतात, पण ते शोभेचं क्रोम नव्हे. घर्षण सोसायला दिलेला तो कितीतरी जाड थर असतो.

राहता राहिली शोभा. क्रोम खुलायला शेजारी काहीतरी न चमकणारं लागतं. जुन्या जावाची टाकी आठवा: मरून रंग, दोन्ही बाजूंना क्रोमचे फलक, मधे बारीक रेघ. 1955 पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या बुलेटचंही तेच, काळ्या अंगावर मोजक्या जागी उजेड. आता लेगगार्ड, साडीगार्ड, हेडलाइटची जाळी, इंजिनाची झाकणं, आरसे, नंबरप्लेटची चौकट, सगळंच क्रोमचं करून लोक गाडीला वरातीतला बँडवाला करतात. दुसऱ्या टोकाला सगळंच काळं करण्याची टूम आहे. मला दोन्ही पटत नाहीत. सायलेन्सर, हेडलाइटची कड आणि एखादा गार्ड, बास.

काळ्याकडे वळण्यामागे मात्र फक्त फॅशन नाही. त्या काळपट लाल टाकीतलं क्रोमियम षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) असतं, आणि ते कर्करोगकारक आहे. तिच्या वाफेने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडल्याच्या नोंदी वैद्यकात जुन्या आहेत. आपल्याकडे प्लेटिंगचे कारखाने प्रदूषणाच्या लाल वर्गात येतात. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये नियम केला की शोभेच्या मुलाम्यासाठी हे क्रोम 2027 पासून टप्प्याटप्प्याने बंद. पर्याय त्रिसंयुजी क्रोमचा. तो तुलनेने निर्धोक आहे, रंगाला किंचित गडद. भोसरीच्या काकांना मी तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "चालेल की, ओरखडा यातही दिसतो."

घेतलेलं टिकवायचं तर पावसाळ्याआधी मेणाचा हात द्या. ठिपके आलेच तर तारेचा काथ्या लावू नका, ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून घासा. तो क्रोमहून मऊ असतो, गंज काढतो आणि ओरखडत नाही. वॉशिंग सेंटरवर ॲसिडची बाटली दिसली तर गाडी तशीच परत फिरवा, फरशीचं ॲसिड क्रोमला विरघळवतं.

दसऱ्याच्या आधी पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, गर्दी असते. तरी जाल ते सकाळी जा आणि वस्तू दुकानाबाहेर उन्हात आणून पाहा. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल, तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.