‘एल्फक्वेस्ट’ : वनातल्या एल्फांचे मनोमन बोलणे

वेंडी आणि रिचर्ड पिनी या अमेरिकी दांपत्याची ‘एल्फक्वेस्ट’ ही चित्रकथा १९७८ साली सुरू झाली. दोन चंद्रांच्या जगात, लांडग्यांवर स्वार होऊन जंगलात राहणारी ‘वुल्फरायडर’ ही एल्फांची टोळी तिच्या केंद्रस्थानी आहे.

• सेंडिंग : तोंड न उघडता विचार थेट दुसऱ्याच्या मनात पोचवण्याची शक्ती. एकाशीच बोलता येते, तसे साऱ्या टोळीशीही. यात खोटे बोलता येत नाही.

• आत्मनाम : प्रत्येक वुल्फरायडरचे एक गुप्त नाव असते. ते ज्याला कळले, त्याच्यापासून मनातले काही लपत नाही. म्हणून ते जिवापाड जपले जाते.

• रेकग्निशन : दोन एल्फांमध्ये अचानक, प्रसंगी इच्छेविरुद्धही जुळणारे बंधन. त्यामागे सशक्त संततीची निसर्गप्रेरणा असते. टोळीनायक कटर आणि वैदू लीटा यांच्या कथेचा पेच यातूनच सुरू होतो.

• लांडग्याचा वारसा : टिमेन या पूर्वजेने लांडगीचे रूप घेतले, तिच्या वंशजांत लांडग्याचे रक्त आले. त्यामुळे लांडग्यांशीही मनाची गाठ, आणि काल-उद्याची फिकीर न करता ‘आत्ता’त जगण्याची वृत्ती.

• मर्यादा : सेंडिंगमुळे साऱ्यांचे मिळून एकच मन मात्र होत नाही. वाळवंटात स्थिरावलेल्या ‘सन फोक’ एल्फांमध्ये तर सेंडिंग जवळजवळ लोपले आहे.

• तुलनेसाठी, लेखक टोल्किन यांचे एल्फ : तेही मनोमन बोलतात, पण तिथे प्रत्येकाला आपले मन बंद ठेवता येते आणि ते बळाने उघडता येत नाही.