‘इंडिफरंट’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला लांबलचक शब्दांची भीति वाटते. परंतु त्याला खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द. अनोळखी शब्द आला म्हणजे तो कोश उघडतो. ओळखीचा शब्द आला म्हणजे तो निःशंकपणें पुढें जातो आणि तेथेंच फसतो. अशा दगेखोर शब्दांत ‘इंडिफरंट’ या विशेषणाची गणना केली पाहिजे. ‘बेपर्वा’ किंवा ‘बेफिकीर’ हा त्याचा एकच अर्थ बहुतेकांस पाठ असतो. मग एकाद्या पत्रांत ‘वडिलांची प्रकृति इंडिफरंट आहे’ असें वाक्य आलें, कीं ‘वडिलांची प्रकृति बेफिकीर आहे’ असें भाषांतर होतें व वर्गांत हंशा पिकतो. येथवर हानि फारशी नाहीं. पण जुन्या इंग्रजी कायद्यांत ‘ज्यूरीचा सभासद इंडिफरंट असला पाहिजे’ असा दंडक आढळतो. तेथें ‘बेपर्वा’ हा अर्थ घेतल्यास न्यायाचें मूळच उपटलें जातें. यासाठीं या शब्दाची कुळकथा थोडी सविस्तर पाहणें अगत्याचें आहे.

हा शब्द मूळचा लॅटिन. ‘डिफर’ म्हणजे वेगळें असणें. त्यामागें नकारवाचक ‘इन्’ हा उपसर्ग लागला. तेव्हां ‘ज्यांत भेद नाहीं, किंवा जो भेद करीत नाहीं, तो’ असा त्याचा धात्वर्थ होतो. यांत मनाचा कोरडेपणा कोठेंही नाहीं. प्राचीन ग्रीस देशांत स्टोइक नांवाचा तत्त्वज्ञांचा एक पंथ होता. सद्गुण तेवढा चांगला व दुर्गुण तेवढा वाईट. आरोग्य, संपत्ति, कीर्ति या गोष्टी स्वतः चांगल्याही नव्हेत व वाईटही नव्हेत, असें ते म्हणत. या मधल्या वर्गाला ग्रीक भाषेंत जें नांव होतें, त्याला लॅटिन प्रतिशब्द म्हणून सिसेरोनें इ. स. पूर्व ४५ च्या सुमारास हाच शब्द योजिला. पुढें सोळाव्या शतकांत ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळीं याच कल्पनेवरून मोठा वाद माजला. उपासनेच्या वेळीं कोणतीं वस्त्रें घालावीं, कोणते विधि ठेवावे, या गोष्टी धर्माज्ञेनें ना विहित ना निषिद्ध, म्हणून इंडिफरंट, असें एका पक्षाचें म्हणणें. तर अशा गोष्टी सक्तीनें लादल्या म्हणजे त्या इंडिफरंट राहत नाहींत, असें दुसऱ्याचें. १५४८ नंतर जर्मनींत मेलांक्थॉन व फ्लॅसियस या विद्वानांमध्यें हा वाद विशेष रंगला.

इंग्रजींत रूढ झाल्यावर या शब्दाचा आरंभींचा मोठा अर्थ ‘निःपक्षपाती’ हा होय. जो दोन पक्षांत भेद करीत नाहीं, तो इंडिफरंट. इंग्लंडच्या चर्चचा प्रार्थनाग्रंथ १५४९ मध्यें निघाला. त्यांत राजाच्या अधिकाऱ्यांनीं न्याय खरेपणानें व निःपक्षपातीपणानें द्यावा अशी प्रार्थना आहे, आणि ‘निःपक्षपातीपणानें’ या ठिकाणीं याच शब्दाचें क्रियाविशेषण आहे. १६६२ च्या आवृत्तींतही तें तसेंच राहिलें. अमेरिकेंतील चर्चनें मात्र आपल्या ग्रंथांत तो शब्द काढून ‘इंपार्शल’ या शब्दाचें क्रियाविशेषण घातलें. कारण उघड आहे. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला आतां ती प्रार्थना ‘अधिकाऱ्यांनीं बेपर्वाईनें न्याय द्यावा’ अशी ऐकूं येऊं लागली होती! कायद्याच्या भाषेनें मात्र जुना अर्थ जतन केला. १९६१ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आयर्विन विरुद्ध डाउड या खटल्यांत आरोपीला निःपक्षपाती ज्यूरी मिळण्याचा हक्क सांगतांना हा जुना शब्द आवर्जून वापरला. खटल्यापूर्वींच वर्तमानपत्रें वाचून ज्यूरीच्या बहुतेक सभासदांनीं आरोपीला दोषी ठरविलें होतें, म्हणून त्याची देहान्ताची शिक्षा रद्द झाली. एका माणसाचा प्राण ज्या गुणावर अवलंबून होता, त्याचें नांव ‘इंडिफरंट’ असणें हेंच होतें.

दुसरा अर्थ ‘मध्यम प्रतीचा’. चांगल्याकडेही नाहीं व वाईटाकडेही नाहीं, तें इंडिफरंट. शेक्सपियरच्या हॅम्लेटनें स्वतःच्या प्रामाणिकपणाविषयीं बोलतांना हा शब्द क्रियाविशेषणासारखा वापरला आहे. तेथें त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकीं’ असा होतो. परंतु ‘मध्यम’ म्हणतां म्हणतां हा शब्द हळूहळू ‘वाईट’ या अर्थाकडे घसरला. इंग्रज मनुष्य वाईटाला तोंडावर वाईट म्हणण्यास कचरतो. म्हणून ‘इंडिफरंट’ स्वयंपाकी म्हणजे ज्याच्या हातचें अन्न कसेंबसें घशाखालीं उतरतें असा स्वयंपाकी, आणि ‘इंडिफरंट’ प्रकृति म्हणजे तोळामासा प्रकृति, असें समजावें. मराठीला ही रीत अपरिचित नाहीं. ‘स्वयंपाक कसा होता?’ या प्रश्नाला ‘यथातथाच’ असें उत्तर आलें, कीं ऐकणारा काय तें उमजतो. ‘बुद्धि बेताची’ म्हणजे मर्यादेंत असलेली बुद्धि नव्हे, कमी बुद्धि, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. तेव्हां वरील पत्राचें खरें भाषांतर ‘वडिलांची प्रकृति यथातथाच आहे’ असें होय. आणि असें पत्र हातीं पडल्यावर मुलानें हंसत न बसतां गांवीं जाण्याची तयारी करावी.

तिसरा अर्थ आज सर्वांत रूढ असलेला, ‘ज्याला सोयरसुतक नाहीं असा’. या अर्थीं शब्दापुढें बहुधा ‘टु’ हें शब्दयोगी अव्यय येतें : दुःखाविषयीं इंडिफरंट, स्तुतीविषयीं इंडिफरंट. या दोन उदाहरणांतच अर्थाच्या दोन छटा दिसून येतात. स्तुतीविषयीं असा असणें हा गुण, दुसऱ्याच्या दुःखाविषयीं असा असणें हा दोष. म्हणून एकाच शब्दासाठीं मराठींत पहिल्या ठिकाणीं ‘निरिच्छ’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘बेपर्वा’ किंवा ‘निष्ठुर’ म्हणावें लागतें. शब्द ज्या वस्तूशीं जोडला असेल ती पाहिल्यावांचून त्याची निंदा किंवा स्तुति ठरवितां येत नाहीं. नकार जोडला म्हणजे आणखी एक मौज होते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत एकादी तरुणी अमक्याविषयीं ‘इंडिफरंट नाहीं’ असें म्हटलें असेल, तर तिचें मन त्याच्यावर जडलें आहे असें चतुर वाचकानें ओळखावें.

चौथा वर्ग शास्त्रीय परिभाषेचा, आणि तेथें भावनेचा संबंधच नाहीं. सपाट टेबलावर ठेवलेला चेंडू कोठेंही सरकविला तरी तेथेंच स्थिर राहतो. या समतोलाला पदार्थविज्ञानांत हें विशेषण लावीत. अर्थशास्त्रांत ग्राहकाला ज्या दोन वस्तुसमूहांपासून सारखेंच समाधान मिळतें, त्यांच्या बाबतींत तो इंडिफरंट असतो. त्यावरून निघालेल्या वक्रांची कल्पना एजवर्थनें १८८१ मध्यें मांडली. मराठी अर्थशास्त्रज्ञांनीं त्यांना ‘समवृत्तिवक्र’ असें सुरेख नांव दिलें, ‘बेपर्वाईचे वक्र’ म्हटलें नाहीं, ही त्यांची जाण होय.

आतां मराठीच्या बाजूनें पाहिलें तर असें दिसतें कीं, जें इंग्रजी शब्दाचें झालें तेंच आपल्या ‘उदासीन’ शब्दाचेंही झालें. ‘उदासीन’ म्हणजे मूळ अर्थीं बाजूला, अलग बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत उदासीन राजा हा दुबळा किंवा आळशी नाहीं. शत्रु, मित्र व मध्यम या सर्वांहून तो बलवान् असून त्यांच्या मंडळाबाहेर उभा असतो. रसायनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आम्लही नव्हे व आम्लारिही नव्हे अशा द्रावणाला ‘उदासीन’ म्हणतात, त्यांत हाच जुना अर्थ जिवंत आहे. बोलण्यांत मात्र ‘सरकार या प्रश्नाबाबत उदासीन आहे’ म्हणजे सरकारला त्याची पर्वा नाहीं, असाच बोध होतो. ‘तटस्थ’ म्हणजे कांठावर उभा असलेला. त्यालाही आतां ‘बुडणाऱ्याकडे नुसता पाहत राहणारा’ असा वास येऊं लागला आहे.

दोन भिन्न देशांत, दोन भिन्न भाषांत, हा ऱ्हास एकाच दिशेनें व्हावा याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. जो आपला पक्ष घेत नाहीं, त्याला आपल्याविषयीं कांहींच वाटत नाहीं, असें भांडणाऱ्या माणसाला वाटतें. न्यायाधीशाचा समभाव त्याला निष्ठुरपणा भासतो. उलट ज्याला खरोखरच कांहीं वाटत नाहीं, तो आपल्या कोरडेपणाला ‘तटस्थता’ हें मोठें नांव देऊन मोकळा होतो. नाझींच्या छळछावण्यांतून वांचलेले लेखक एली वीझेल यांनीं १२ एप्रिल १९९९ रोजीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीं या बेपर्वाईच्या धोक्यांवरच भाषण केलें. पाहणारे पुष्कळ असूनही जेथें माणसें मारलीं गेलीं, तेथें पाहणाऱ्यांना निःपक्षपाती म्हणणें ही शब्दाची विटंबनाच ठरेल.

मग हे दोन अर्थ वेगळे कसे ओळखावे? भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायांतील सोळाव्या श्लोकांत भक्ताचीं लक्षणें सांगतांना ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ हीं दोन विशेषणें अगदीं शेजारीं शेजारीं आलीं आहेत. मित्र वगैरे कोणाचाही पक्ष न घेणारा तो उदासीन, असें शंकराचार्यांनीं त्याचें विवरण केलें आहे. जो सावध आहे, कर्तव्यांत चुकत नाहीं, दोन्ही बाजूंचें नीट ऐकून घेतो आणि तरीही कोणाकडे झुकत नाहीं, तो जुन्या अर्थानें इंडिफरंट. जो ऐकूनच घेत नाहीं, तो नव्या अर्थानें. पंचाच्या आसनावर पहिला बसावा. दुसऱ्याला तेथें कोणी बसवूं नये. दक्षतेची जोड आहे किंवा नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे शब्दाचीही पारख होते आणि माणसाचीही.