एरनो: आधी जपून ठेवा, मग छापा

आजचा विषय छोटा आहे. पण रात्री दोन वाजता बंद पडलेल्या सर्व्हरचा लॉग वाचत बसलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल याहून मोठा विषय नाही.

सी भाषेत एफओपन फसलं की नल परत येतं. का फसलं, ते एरनोमध्ये असतं, आणि तिथे असतो नुसता एक आकडा. लिनक्सवर २ म्हणजे अशी फाईलच नाही; १३ म्हणजे परवानगी नाही. दोन्हींवरचा इलाज अगदी वेगळा. आणि आपले प्रोग्रॅम काय छापतात? ‘फाईल उघडता आली नाही.’ अरे बाबा, कुठली फाईल? आणि का?

पीएरर तो आकडा वाक्यात बदलून थेट स्टँडर्ड एररवर छापतं. स्ट्रएरर ते वाक्य तुमच्या हातात देतं. मला दुसरं बरं वाटतं, कारण फाईलचं नाव आणि कारण एकाच ओळीत बसवता येतं.

आता खरी गोम. समजा एफओपन फसलं, तुम्ही आधी प्रिंटएफने दोन शब्द छापले आणि मग पीएरर बोलावलं. मधल्या प्रिंटएफने एरनो बदललेला असू शकतो! काही सिस्टिमवर प्रिंटएफ आतल्या आत बघतं, की आउटपुट टर्मिनलवर जातंय का. जात नसेल तर एरनोत ‘हे टर्मिनल नाही’ असा कोड पडतो. जुन्या युनिक्सवर त्याचा मजकूर होता ‘नॉट अ टाईपरायटर’. म्हणजे गायब आहे कॉन्फिग फाईल, आणि लॉग सांगतोय टाईपरायटरचं! शोधा मग रात्रभर.

म्हणून कॉल फसला की पहिल्याच ओळीत एरनो एका साध्या इंट व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवायचा. बाकीचं नंतर.

यातच दुसरी गोष्ट आली. प्रिंटएफ यशस्वी झालं, तरी एरनो बदलला ना? शिवाय सीच्या लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन एरनो परत शून्य करत नाही. त्यामुळे ‘एरनो शून्य नाही, म्हणजे चूक झाली’ हा हिशोब खोटा. आधी परत आलेली किंमत बघा, मग एरनो. स्ट्रटोएलचं तेवढं वेगळं: आकडा मावला नाही की ते लाँगची कमाल किंवा किमान किंमत देतं, आणि ती किंमत खरं उत्तरही असू शकते. तिथे कॉलच्या आधी एरनो स्वतः शून्य करायचा.

थ्रेड वापरणाऱ्यांनी स्ट्रएररऐवजी स्ट्रएरर-आर घ्या, पण जपून. पॉसिक्सचं इंट परत देतं, ग्नूचं कॅरॅक्टर पॉइंटर. नाव एकच! त्यावर पुढच्या भागात बोलू.