चार दिवस लेकरू ठेवायचे कुणाकडे?

मतिमंद मुलाच्या आईला आजारी पडायची सोय नाही. शिक्रापूर परिसरात आम्ही हे इतक्या घरांतून ऐकले आहे की आता ते म्हणीसारखे वाटू लागले आहे. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सणसवाडीपासून रांजणगावच्या एमआयडीसीपर्यंत, आपली पुष्कळ कुटुंबे कंत्राटी कामावर, वीटभट्टीवर, हमालीवर नाहीतर धुण्याभांड्यावर पोट भरतात. त्यांतल्या एखाद्या घरात असे लेकरू असते. लेकरू म्हणायचे, पण वय पंचवीस-तीस. बाप कामावर, भावंडे आपापल्या संसारात. त्याला आंघोळ घालण्यापासून फिटच्या गोळीपर्यंत सगळे एकटी आई बघते. भावाच्या घरी लग्न निघाले, लेकीचे बाळंतपण आले किंवा स्वतःचे ऑपरेशन ठरले, की तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : याला चार दिवस ठेवायचे कुणाकडे?

या अडचणीसाठी जी व्यवस्था असते तिला आम्ही साध्या भाषेत तात्पुरता सांभाळ म्हणतो. दोन दिवस, चार दिवस, फार तर पंधरा दिवस त्या व्यक्तीला एखाद्या संस्थेत किंवा जाणत्या कुटुंबात ठेवायचे आणि मग परत घरी आणायचे. यात कोणी कोणाला टाकून देत नाही. परंतु आपल्याकडे लोकांची जीभ लगेच चालते. ‘पोटचं पोर आश्रमात टाकलं’ असे म्हणायला शेजारीण पुढे असते. पोराला तासभर धरायला मात्र तीच शेजारीण येत नाही. मागल्या जन्मीचे भोग म्हणून या मायमाऊलीला गप्प बसवणारेही आहेतच. आपण ती भाषा सोडून दिली, तरी ती उंबऱ्याच्या आत कधी शिरते ते कळत नाही. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून १९४५ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळत असताना मांडली होती. यंत्रावरच्या माणसाला विसावा लागतो हे आपल्याला पटते. मग वीस वर्षे एकही रात्र सलग न झोपलेल्या बाईला तो लागत नाही काय?

तेव्हा सांभाळ हवा, याबद्दल वाद नको. वाद आहे तो कसा हवा याबद्दल.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीचे पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन होते. मुलगा सव्वीस वर्षांचा, बोलणे दोन-चार शब्दांपुरते, आणि फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू. कोणीतरी एका संस्थेचा पत्ता दिला. फाटकावर मोठी पाटी, आत पाहुण्यांचे हारतुऱ्यांसह फोटो. सहा दिवसांसाठी त्याला तिथे ठेवले. बरोबर बारा गोळ्या मोजून दिल्या. सातव्या दिवशी बाप आणायला गेला, तेव्हा पोराच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा शर्ट होता आणि पिशवीतल्या पट्टीत आठ गोळ्या तशाच होत्या. विचारल्यावर उत्तर मिळाले, “तो घ्यायला तयारच नव्हता.” घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला दोनदा फिट आली. फिटची गोळी एकदम बंद पडली की असे होऊ शकते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ती भगिनी आम्हाला म्हणाली, “भाऊ, मारलं-बिरलं नसंल त्याला. पण त्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई.”

आम्ही कारकून माणसे, आवक-जावक बघण्यात आमचा जन्म गेला. त्या आठ गोळ्या म्हणजे त्या संस्थेचा खरा तपासणी अहवाल आहे, असे आमचे मत झाले. भिंतीवरचे फोटो आणि चौकटीतले प्रमाणपत्र यांनी फक्त आल्यागेल्याचे समाधान होते.

सोय कोणाची बघायची, सांभाळणाऱ्याची की ज्याला सांभाळायचे त्याची? हा प्रश्न आपल्याच तालुक्याच्या गावाने एकदा साऱ्या देशापुढे आणला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या मुली व स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना स्वतः राखता येत नाही, हे कारण सांगण्यात आले. अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाल्या. स्त्री-संघटना आणि जागरूक कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या थांबल्या. ज्यांच्या शरीरावर सुरी चालली, त्यांना कोणी विचारले नव्हते. वसतिगृहात पुरेशी माणसे, पुरेसे पाणी, पुरेसे कपडे आणि शिकवणारी एखादी धीराची बाई, एवढ्याने जो प्रश्न बराचसा सुटला असता, तो अवयव काढून सोडवायला निघाले होते. आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे, दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या व समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही. कायदा झाला हे चांगलेच. पण ‘हिला सांभाळणे जड जाते’ हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ते ऐकले की आम्हाला शिरूर आठवते.

त्यानंतरही डोळे उघडायला आपल्याला वर्तमानपत्रांची आणि न्यायालयांचीच वाट पाहावी लागली. २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातल्या उपासमारीच्या व छळाच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यातल्या अशा वसतिगृहांची पाहणी केली. पनवेलच्या एका खासगी वसतिगृहातील मुलींवरील अत्याचारांच्या खटल्यात २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. साहेबाच्या देशात तरी निराळे असेल, असे कोणाला वाटेल. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. तिथले कर्मचारी अशा व्यक्तींना मारहाण करतात, हे २०११ साली बीबीसीच्या वार्ताहराने छुप्या कॅमेऱ्याने जगाला दाखवले. सरकारी तपासणी यंत्रणेकडे आधी इशारा येऊनही तिने धावपळ केली नव्हती. अकरा जण दोषी ठरले, त्यांतले सहा तुरुंगात गेले. तिथली एक गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे. तपासणी करणाऱ्या पथकात स्वतः अशी दिव्यांग व्यक्ती किंवा तिला सांभाळणारा नातलग जाणकार म्हणून बरोबर नेण्याची पद्धत तिकडे आहे. ज्याला सांभाळाचा अनुभव आहे, त्याला खोलीत पाऊल टाकताच जे कळते ते फाईल चाळणाऱ्याला कळत नाही.

म्हणून वाचकहो, संस्था बघायला साहेब येईल तेव्हा येईल. आपण स्वतः जायचे, आणि न सांगता जायचे. कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी सगळे स्वच्छ असते. दुपारी जेवणाच्या वेळी किंवा चार-साडेचारला जा. कार्यालयात बसवून चहा देतील, तो घ्या. पण आधी संडास-बाथरूम बघू द्या म्हणावे. तिथे पाणी आहे का, कडी आतून लागते का, आंघोळ आडोशाला घालतात की अंगणात सगळ्यांदेखत पाईपने, हे बघितले की बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते. मुलगी असेल तर पाळीच्या दिवसांत काय करतात, कपडा-पॅड कोण बदलते, ती बाई रात्री असते का, हे आईने स्पष्ट विचारावे. लाजू नये. शिरूरची गोष्ट याच लाजेआड घडली.

रात्रीचे जरूर विचारा. दिवसा पाच माणसे दिसतात, रात्री एक वॉचमन असतो आणि दाराला बाहेरून कुलूप. आग लागली, फिट आली, तर काय? औषधाची वही मागा. गोळी दिल्याची वेळ आणि देणाऱ्याची सही त्यात रोजच्या रोज आहे, की महिन्याची एकाच शाईने, एकाच बैठकीत भरली आहे? ही नजर आम्हा कारकुनांना असते, पण ती शिकायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. मग कर्मचारी हाक कशी मारतात ते ऐका. नावाने मारतात की ‘ए वेड्या’ म्हणून? तिथली माणसे दिवसभर काय करतात? भिंतीला टेकून नुसती बसलेली असतील, तर खेळण्यांनी भरलेल्या कुलूपबंद कपाटाकडे बघून हुरळून जाऊ नका.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तिथली मावशीसुद्धा आपल्यातलीच कुणीतरी असते. वीस जणांमागे एक बाई, तुटपुंजा पगार, तोही दोन-दोन महिने थकलेला. अशा बाईकडून माया कुठवर मागायची? म्हणून माणसे किती आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का, हे व्यवस्थापकाला विचारायला हरकत नाही. हजेरीपट आणि पगारपत्रक यांत संस्थेची निम्मी गुणवत्ता लिहिलेली असते.

पहिल्याच वेळी सहा दिवस ठेवू नये. आधी एकदा बरोबर जाऊन तिथे जेवावे, मग एक दुपार, मग एक रात्र. लेकराबरोबर एक कागद द्यावा : तो काय खातो, संडासला जायचे असले की काय खूण करतो, कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, झोपताना त्याला काय लागते. आईला लिहिता येत नसेल तर आठवीतली पुतणी लिहून देईल. कपड्यांवर दोऱ्याने नाव घालावे. गोळ्या मोजून द्याव्या आणि मोजून घ्याव्या, देताना सही घ्यावी. परत आणल्यावर त्याच दिवशी घरी आंघोळ घालताना अंग बघावे. आणि मुख्य म्हणजे त्यालाच विचारावे. बोलता येत नाही म्हणून सांगता येत नाही असे नसते. दुसऱ्यांदा त्या फाटकाशी नेल्यावर तो आत पळतो की आईचा पदर धरतो, हे त्याने दिलेले मत आहे. आमच्या लेखी ते सर्वांत मोठे.

चांगले करता येते, याचे उदाहरणही पुणे जिल्ह्यातच आहे, आणि तेही त्याच १९९४ सालचे. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ उभे राहिले. तिथे प्रौढ मतिमंद व्यक्तींना ‘विशेष मित्र’ म्हणतात, आणि घरासारख्या घरांत गृहमाता त्यांच्याबरोबर राहतात. तिथला निवास दीर्घकाळाचा आहे, आपल्याला हवा आहे चार दिवसांचा. परंतु एका छपराखाली पन्नास खाटा मांडण्यापेक्षा लहान घर, ओळखीची माणसे आणि प्रत्येकाला काहीतरी काम, ही रीत दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

आता पैशाचे व कागदाचे. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. त्याची ‘समर्थ’ ही योजना नेमकी अशा तात्पुरत्या सांभाळासाठी निघाली. पुढे ती कायम निवासाच्या ‘घरौंदा’ योजनेला जोडली गेली. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि ती घेण्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र नसताना दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही; तेव्हा ते बघायला मागणे हा आपला अधिकार आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो.

परंतु योजना कितीही असल्या तरी त्या दारापासून किती लांब, यावर मजुराचे गणित ठरते. पोराला सोडायला एक दिवस, आणायला एक दिवस म्हणजे दोन रोज बुडाले, भाडे वेगळे. म्हणून सुरुवात गावात व्हावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. बहुतेक ठिकाणी हा निधी वर्षाअखेरीस वाटून संपवतात, आणि हिशेब कोणी विचारत नाही. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा कारखान्यांचा पट्टा. इथल्या ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन पंधरवड्यातून एक रविवार, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच, समाजमंदिराची एक खोली, दोन प्रशिक्षित भगिनींचे मानधन आणि दुपारचे जेवण एवढे केले, तर निदान त्या दिवशी आईला दवाखाना, बाजार किंवा नुसती झोप मिळेल. आपल्या विहाराची खोली तर रविवारी दुपारी रिकामीच असते. महिला मंडळाने मनावर घेतले तर ग्रामपंचायतीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

ग्रामसभेला जाताना अर्ज दोन प्रतींत न्यावा. गावात अशा व्यक्ती किती आहेत याची यादी आधी घरोघर फिरून करावी. २०११ च्या जनगणनेत देशात त्यांची संख्या पंधरा लाखांवर आली, तरी कित्येक घरांनी गणतीच्या वेळी हे मूल आतल्या खोलीत ठेवले असेल. मागील तीन वर्षांच्या पाच टक्के निधीचा खर्च वाचून दाखवावा, अशी मागणी अर्जात पहिली लिहावी. खोलीची मागणी दुसरी. आणि हे केंद्र सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी त्याची पाहणी करणाऱ्या समितीत निदान दोन आया असाव्यात, ही तिसरी. सरपंच म्हणतील, आयांना काय कळते? तेव्हा आमच्या ओळखीच्या त्या भगिनीने गोळ्यांची ती पट्टी अजून जपून ठेवली आहे, ती सभेत आणायला तिची तयारी आहे.